बुडावरचं नाव

"कुणाचं नाव हाय हे?" सोमेश्वरनं वाडगा बायकोच्या नाकासमोर पालथा धरला आणि उत्तराची वाट न बघता तिच्या कानाखाली वाजवली.

शिवकन्या मांडणीवर आदळली. ताटं, तांबे खणखणत खाली आले. त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं होतं, कुणी दिलं, कोणत्या तारखेला दिलं. अख्ख्या कुरुंदा गावात बिननावाचं भांडं शोधून सापडायचं नाही. चिनी मातीच्या या वाडग्याच्या बुडावरही नाव होतं, पण ते ना मराठी, ना उर्दू. निळी, चौकोनी सहा अक्षरं. चीनच्या कुठल्याशा बादशहाच्या अमदानीत घडवल्याची ती खूण. बादशहा मरून शेकडो वर्षं झाली होती आणि त्याच्यापायी मार हिला बसत होता.

"मी इचारून राहिलो तुला! कोन्या यारानं दिला?"

शिवकन्येला वाडगा सासूनंच दिला होता, पदराआडून. "पाचवा लागला तुला. रोज यात दूध पीत जा. पर सोमाला दाखवू नको, अन् माझं नाव तर घेऊच नको." वर शपथ घातली होती. काहून, ते सांगितलं नव्हतं. आज धुऊन पालथा घातला, तेवढीच चूक झाली.

सोमेश्वरनं दाराआडची काठी घेतली. पहिला तडाखा पाठीत बसला, दुसरा भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. ती पोट झाकून भिंतीकडे वळली. लेकरू जातंय आता, असं तिला वाटलं आणि सासूचा भयंकर संताप आला.

तिसऱ्यांदा वर गेलेली काठी खाली आलीच नाही. हळदीच्या रानातून परतलेल्या सासूनं, नर्मदाबाईनं, ती मागून धरली होती.

"सोड तिला. वाडगा माझा हाय. माझ्या मायनं दिलेला."

"खोटं नको बोलू, माय! मंग त्याच्यावर नाव कुणाचं हाय?"

"तुझ्या बापानंबी हेच इचारलं व्हतं."

नर्मदाबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. केसांच्या मुळाशी बोटभर लांब, पांढरा पडलेला वण होता. विहिरीवर पाय घसरला होता, असं ती सुनेला आजवर सांगत आली होती.

"वाडग्यावरलं वाचता येत न्हाई ना तुला? मंग हे वाच. तू पोटात व्हतास, तवाचं हाय."