लिफ्टचा वाटा

तळमजल्याच्या बाबुरावांनी आजही हात वर केला नाही. लिफ्टसाठी सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे, हा ठराव दोन वर्षांत तिसऱ्यांदा आपटला. विठ्ठलवाडीच्या त्या चार मजली सोसायटीत एरवी एकमेकांकडे विरजण मागणारी माणसं वर्गणीचं नाव निघालं की वकील होत.

चौथ्या मजल्यावरच्या प्राचीला हा ठराव हवाच होता. तिचे सासरे महिपतराव अर्धांगाच्या झटक्यानंतर आठ महिने खाली उतरले नव्हते. आज लिफ्ट ठरली नाही तर घर विकायचं, असं तिचा नवरा विनीत सकाळीच म्हणाला होता. म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या घरात होता.

ती उठली. वागळे इस्टेटमधल्या तिच्या ऑफिसात विमानतळांचे हिशेब चालत. तिने तिथला नियम सांगितला. लहान विमानाला धावपट्टी थोडी लागते, मोठ्याला पूर्ण. जो तुकडा ज्यांना लागतो, त्याचा खर्च त्यांच्यातच वाटायचा. लिफ्टचंही तसंच करू, जो जिथवर जातो तिथवरचंच त्याने भरावं.

बाबुरावांना हे एकदम पटलं. आपण कुठेच चढत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तळमजल्यापुढे शून्य पडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सर्वेशने दोनपर्यंतच धरायला लावलं. शेवटचा सगळा भार चौथ्या मजल्यावरच्या चार घरांवर आला. तो आकडा बघून विनीतने डोकं धरलं. नियम चोख होता, पण घर हातचं चाललं होतं. प्राचीला स्वतःच्याच हुशारीचा राग आला.

सह्यांचा कागद फिरू लागला. बाबुरावांच्या बायकोने, कलावतीकाकूंनी, तो धरून ठेवला.

"प्राची, आमचं शून्य खोड. चौथा लिही."

"तुला चौथ्यावर काय काम गं?" बाबुराव खेकसले.

"कुरडया काय तुमच्या डोक्यावर वाळवते? दर उन्हाळ्यात चिकाचं पातेलं घेऊन गच्चीवर चढते मी. गुडघे गेले माझे." मग त्या मागे बसलेल्या बायकांकडे वळल्या. "आणि तिथे कोण कोण भेटतं, तेही सांगू का?"

सांगावं लागलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या शेवंतीने आपणहून चौथा लिहायला सांगितला. मग सर्वेशची आई उठली, मग एकेक करत उरलेल्या सगळ्या घरांतल्या बायका.

प्राचीने त्याच नियमाने हिशेब पुन्हा मांडला. वीसही घरांपुढे एकच आकडा आला, तीनदा आपटलेला, आणि त्याखाली पहिली सही बाबुरावांनी केली.