शेवटच्या माणसाचं अंगण

जगबुडीनंतर उरलेल्या एकमेव माणसाचा सिनेमा सुयोग मोरवा गावात, इंदुमावशींच्या मिठागराकाठच्या रिकाम्या जुन्या घरात करत होता. रोज संध्याकाळी तो स्वतःच अंगणात पोतंभर पाचोळा पसरायचा, दाराला कापसाची कोळिष्टकं चिकटवायचा. आणि रोज सकाळी मावशी, कॅमेऱ्यासमोर घर घाण कसं दिसू द्यायचं म्हणून, सगळं झाडून सडा-रांगोळी करून मोकळ्या व्हायच्या. आज शेवटचा दिवस. नायक झालेल्या चंदनची रजा संपली होती. उद्या ड्यूटीवर जाताना तो महिनाभर वाढवलेली दाढी उतरवणार. आणि समोर पुन्हा लखलखीत अंगण, उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी! सुयोगचं डोकंच फिरलं. “मावशी, किती वेळा सांगू? जग संपलंय! शेजारी नाही, पाजारी नाही, चिटपाखरू नाही. एकटा चंदन उरलाय, एकटा!” मावशींनी हातातला खराटा चंदनपुढे धरला. “येकटाच हाय ना? मंग आता झाडायचं कोनी?”