समीरचा एक्स-रे

"लहानपणीचा एखादा एक्स-रे सापडतो का बघा," डॉ. मुंगी म्हणाले, आणि ऋतुजाने घर पालथं घातलं.

तिच्या नवऱ्याच्या, समीरच्या छातीत श्वासनळीला लागून लिंबाएवढी गाठ निघाली होती. आत पाणी आहे की मांस, हे सीटी स्कॅनवरही नीट कळेना. भोपाळमध्ये छातीत काही निघालं की लोक गॅसकडे बोट दाखवतात. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं. जन्मजात गाठ असेल तर साधी, म्हणाले. दुर्बिणीतून काढू, महिन्याभरात हा गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात कामावर हजर. जुन्या एक्स-रेमध्येही ती दिसली की झालं. नाही दिसली, तर कॅन्सर धरूनच चालायचं.

सासूबाई, मंदाकिनीबाई, समीरवरून जीव ओवाळून टाकायच्या. गॅसच्या रात्री स्टेशनजवळच्या क्वार्टरमधून निघून, दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन त्या टी. टी. नगरपर्यंत धावत आल्या होत्या. घरात जे मागे राहिले त्यांतलं कुणी वाचलं नाही, नवराही. ही हकिगत त्यांनी हजारदा सांगितली होती. पण तान्हेपणी समीरला दूध पिताना ठसका लागायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर "आठवत नाही" एवढंच म्हणाल्या. आणि एक्स-रे कधी काढलाच नाही म्हणे.

ऋतुजाला तो त्यांच्याच ट्रंकेत सापडला, साड्यांच्या तळाशी. पाकिटावर समीरचं नाव, गॅसच्या आधीच्या दिवाळीतली तारीख. सासूबाईंनी तिचा हात धरला. नको नेऊस, म्हणाल्या. ऋतुजाचं डोकंच फिरलं. इथे नवऱ्याच्या जिवाचं काय होईल कळत नाही, आणि यांना जुन्या पसाऱ्याची पडलीये. तिने हात सोडवून घेतला.

दवाखान्यात समीर आणि सासूबाईंसमोर डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"साफ आहे," शेवटी म्हणाले. "तेव्हा गाठ नव्हती. म्हणजे नंतर झालीय."

ऋतुजा हातातल्या रिकाम्या पाकिटाकडे बघत राहिली. आपणच हे शोधून आणलं, आपल्याच हाताने. समीरने तिचा हात धरला. डॉक्टर हलक्या आवाजात पुढच्या उपचारांचं सांगू लागले.

मंदाकिनीबाई उठल्या. त्यांनी डॉक्टरांच्या हातून फिल्म काढून घेतली, पदराने पुसली. समीरकडे त्यांनी पाहिलं नाही.

"याचा एक्स-रे कधी काढलाच नव्हता, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "हा माझ्या मुलाचा आहे."