शुक्रवारची सुट्टी

"कर सही, आणि हो मोकळा." साहेबांनी कागद पुढे सरकवला.

चाचणी विभागाच्या प्रमुखानं पेन उघडलं, पण हात काही पुढे जाईना. नवा प्रोसेसर जुन्याच्या दुप्पट वेगानं पळायचा, यात वादच नाही. पण सलग तीन तास पळवला की तापायचा आणि साध्या बेरजेत चुकायचा. त्यानं स्वतः अकरा वेळा करून पाहिलं होतं. अकराही वेळा तेच.

"दुरुस्तीला तीन महिने लागतील, साहेब."

"आणि समोरचे शुक्रवारी बाजारात उतरतायत, त्याचं काय? आपणही शुक्रवारीच उतरायचं. तीन महिन्यांनी आपल्याला कुत्रं विचारणार नाही. तुझा सगळा विभाग घरी बसेल. तुझ्यासकट!"

समोरचे म्हणजे खरंच समोरचे, रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतले. त्यानं खिडकीतून तिकडे एकदा पाहिलं. पेनाला टोपण लावलं. "नाही जमायचं, साहेब."

तो घरी निघाला. विभागातली चाळीस माणसं डोळ्यांपुढून हलेनात. आणि मन मोकळं करायचं तरी कुणापाशी? बायको नेमकी समोरच्यांकडे, तीही तिथल्या चाचणी विभागाची प्रमुख! लग्न झालं त्याच दिवशी दोघांनी ठरवलं होतं, ऑफिस चपलांबरोबर दाराबाहेर काढायचं. नऊ वर्षं हा नियम इमानेइतबारे पाळला. दोन्हीकडचे लोक चिडवायचे, "काय, घरात फितुरी चालते का?" चिडवोत बापडे.

घरात लेक फुरंगटून बसली होती. शुक्रवारी तिच्या शाळेत नाटक. ती त्यात झाड होणार होती, आणि आई-बाबा दोघांनीही "नाही गं जमणार" म्हणून केव्हाच हात वर केले होते.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं लेकीचा गालगुच्चा घेतला. "रुसूबाई, मी येतेय शुक्रवारी."

त्यानं कान टवकारले. शुक्रवारी? त्या दिवशी तर हिला जेवायलाही फुरसत मिळायला नको!

"मीही येतो," तो म्हणाला.

तिचा हात घडीवरच थांबला. "तू? या शुक्रवारी?"

"या शुक्रवारी. अख्खा दिवस."

मग ती मटकन खाली बसली आणि खो खो हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्यालाही हसू आवरेना.

"माझं नाटक विनोदी नाहीये!" लेक ओरडली.

बायकोनं डोळे पुसले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. "मीही सही नाही केली रे आज. आणि दिवसभर धसका कुणाचा, तर तुमचा!"