उपासाला चालते

"आई, पाय वर घे. लादी पुसतायत."

कोमलने सांगितलं तसे वसुंधराने बाकड्यावर बसल्या बसल्या पाय उचलले. तळवे डांबराने भाजून लाल झाले होते. कोन गावाहून पनवेलच्या दवाखान्यात ती नाक्यापर्यंत रिक्षाने आली खरी, पण पुढे चालताना पायात वहाण नव्हती. लेकीची हातीपायी धड सुटका होईपर्यंत वहाण घालायची नाही, जेवणात मीठ घ्यायचं नाही, असं तिने देवापुढे सुपारी ठेवून बोललेलं. त्यात आज संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर.

"चहा तरी घे गो. चहाने काय उपास मोडतो?"

"दूध कुठलं, भांडं कुठलं, कोणाला ठाव? माजी ही हाय ना." वसुंधराने कमरेची डबी काढली.

मशेरी कालचीच होती, ताजी. तव्यावर काळीभोर भाजलेली, कुटलेली, आणि लेकीच्या हिरड्यांना टोचू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा चाळलेली. चिमूटभर तिने आपल्या बोटावर घेतली, मग डबी कोमलपुढे धरली. दोघींनी भिंतीकडे तोंड केलं. मशेरी उपासाला चालते. वसुंधराच्या आईलाही चालायची.

नाव पुकारलं तशा दोघी चूळ भरून आत गेल्या. टेबलामागे रुमाना सिस्टर सोनोग्राफीचा कागद वाचत होती. वाचून झाला तरी ती तो खाली ठेवीना.

"सातवा सरला ना कोमल? बाळ अकराशे ग्रॅमच भरतंय. दीड किलो तरी हवं होतं. पहिल्या वेळी काय झालं होतं?"

उत्तर वसुंधराने दिलं.

"पोरगा होता. इवलासा, ओंजळीत मावेल असा. नऊ दिवस राहिला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ग्रहण लागलेलं, सिस्टर. विळीला हात लावू नको म्हणून मी बजावलेलं हिला. सासूने नेमकी भाजी चिरायला बसवली."

"आई, पुरे ना."

"घरात तंबाखू, गुटखा, बिडी?" सिस्टरने पेन उचललं.

"आमच्यात? नाव नको!" वसुंधरा ताठ बसली. "हिचा नवरा, जगन, ओढायचा बिडी. मी लग्नाच्या बोलणीतच सांगितलं, पोरगी पायजे तर बिडी सोड."

"मग सोडली का बिचाऱ्याने?"

"न सोडून सांगतो कुणाला?"

सिस्टर हसली. रकान्यात तिने 'नाही' लिहिलं आणि कोमलच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला वाकली. वाकली ती कोमलच्या तोंडाच्या वासाने तशीच थांबली.

"दात कशाने घासतेस गं?"

"मशेरीने."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. जेवल्यावर. झोपताना." कोमल बोटांवर मोजत होती. "मळमळलं की पण."

"आणि आत्ता, बाहेर?"

कोमलने मनगटाने ओठ पुसले.

पट्ट्यात हवा भरून सिस्टर वळली. "मावशी, मशेरी कशाची करतात?"

वसुंधराला हसू आलं. "आता हे पण मीच सांगू तुमाला? तव्यावर तंबाखूची..."

तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. पट्ट्यातली हवा सुस्कारत बाहेर पडली.

सिस्टर रागावली नाही. रकान्यातला शब्द तिने हळूच खोडला.

"माझी अम्मी पण लावायची. कुणी विचारलं तर तंबाखू नाही म्हणूनच सांगायची. खोटं नाही बोलायची ती." मग ती कोमलकडे वळून म्हणाली, "ही हिरडीतून रक्तात उतरते आणि नाळेतून बाळापर्यंत जाते. बाळाला मग पुरेसं पोचत नाही, ते खुरटतं. आजपासून बंद. दोन महिने आहेत हातात, अजून बाळ अंग धरेल. दर आठवड्याला यायचं, वजन बघू."

"आणि पयला?" वसुंधराने विचारलं. "तो पण यानेच?"

"ते आता नाही सांगता येणार, मावशी."

ग्रहणाचं वसुंधरा पुन्हा काही बोलली नाही.

बाहेर लादी वाळली होती. कोमल बाकड्यावर टेकली. एक हात पोटावर, दुसऱ्याने ती गाल चोळत होती. नाकाडोळ्यांतून पाणी यायच्या बेतात.

"आई, आजचा दिवस दे. एकदम कशी सुटेल? नाय लावली की डोकं ठणकतं गो. उद्यापासून हात नाय लावणार, तुजी शपथ."

वसुंधराच्या तोंडालाही पाणी सुटलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मीठ सोडलं तेव्हा जिवाला एवढं लागलं नव्हतं, वहाण सोडली तेव्हाही नाही. कमरेची डबी तिने पदरावरूनच डाव्या मुठीत घट्ट धरली, पण काढली नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट तिने डोळ्यांजवळ नेलं. नखात आणि पेराच्या रेघांत मशेरीचं काळं बसलेलं, कितीही साबण लावला तरी न निघणारं.

"आई, काय म्हणतेय मी? आणि बोटाला काय बघतेस?"

"तो किती रडायचा ना गो," वसुंधरा म्हणाली. "तुज्या दुधाने गप नाय, पाळण्याने गप नाय. मी हे बोट तोंडात दिलं, की कसा चोखत पडून राहायचा."