आग विझते कशी?

उत्सवाचा चौक अजून भरायचा होता. अग्निशमन दलातली बंबवाली वाळूच्या बादल्या तपासायला आली आणि आग खाणाऱ्या म्हातारीपाशी अडकली. वीस वर्षं तिने पाणी मारून आगी विझवल्या होत्या. ही मात्र पेटता पलिता तोंडात घालून विझवत होती. “मावशी, आग विझते कशी?” “ओठ मिटले की हवा बंद, मग आग कसली?” हे बंबवाली स्वतःच नव्या लोकांना फळ्यावर शिकवायची. तरी मन मानेना. “मी करून बघू?” “श्वास बाहेर सोडत राहा. आत घेतलास, तर मेलीस.” तिने हेल्मेट काढून मान मागे टाकली. पलिता जवळ येताच डोळे गच्च झाकले. जिभेवर धग लागली, ओठ मिटले आणि नुसती रॉकेलची चव उरली. “झालं समाधान?” “कसलं? विझताना दिसलीच नाही. पुन्हा पेटवा, आता डोळे उघडे ठेवते.”