वेगवेगळी दाद

"बशीरभाई, सुई बदला हो, किती खरखरतंय," शालनताई पुटपुटल्या.

"कुठं खरखरतंय? लोण्यासारखं चाललंय की," शेजारून आवटी मास्तर म्हणाले.

मिरजेतलं रेकॉर्डचं हे शेवटचं दुकान. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हणून बशीरभाई आज कुलूप लावणार होते, आणि रविवारची ही जुनी मंडळी शेवटचं गाणं ऐकायला बसली होती. सगळ्या गावासारखी यांच्याही कानात चिप होती. येणारा प्रत्येक आवाज, गाण्याची लयसुद्धा, ती ज्याच्या त्याच्या आवडीची करून द्यायची. शालनताईंनी मात्र आपली सकाळीच दवाखान्यात जाऊन काढून टाकली होती.

ख्याल रंगला. मास्तरांनी "वा" म्हटलं, तेव्हा सम यायला अजून अवकाश होता. समेवर दाद गेली ती एकट्या शालनताईंची. बशीरभाईंचं "क्या बात है" त्यानंतर सावकाश आलं. एके काळी या बाकावर तिघांची दाद एकदम पडायची. आता पडत नाही हे तिघांना माहीत होतं, आणि तिघंही चहाचा घोट घेऊन ते गिळत होते.

शालनताई उठल्या आणि त्यांनी सुई उचलली. मास्तरांची मान डोलतच राहिली. चिप त्यांना पुढचं गाणं स्वतःच गाऊन ऐकवत होती.

"कुलूप राहू दे, बशीरभाई. आधी दोघं कान मोकळे करून या, मग हीच बाजू पहिल्यापासून लावू," शालनताई म्हणाल्या. "मास्तर, गाणं थांबलंय. आपण तिघांनी मिळून एक गाणं ऐकलं, त्याला वर्षं लोटली."